सवलतीचे कलम: मोक्षपट, दशावतार आणि खेळाची आखणी

आपल्या समीक्षेला हाताशी संहिता लागते. कविता, कथा, नाटक, इतकेच काय पण लोकगीतसुद्धा आपण आधी कागदावर उतरवून घेतो आणि मग त्याविषयी बोलतो. त्यामुळे जी कलाकृती कागदावर अर्धीच असते आणि उरलेली अर्धी माणसे जमल्यावर घडते, तिच्यापुढे आपली पंचाईत होते. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक कला आहे. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळाची आखणी आणि त्या आखणीची चाचणी, असा तो विषय.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. एखादी कृती साधेल की नाही याची शंका असेल तर फासा टाकतात. सूत्रधाराने जागा, माणसे आणि अडचणी यांचा आराखडा आधी तयार ठेवलेला असतो. खेळाडू त्याला 'लेव्हल' म्हणतात. मी त्याला 'टप्पा' म्हणेन.

खेळाची वंशावळ लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ याने १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. फासे, कोष्टके आणि पंच, असा तो काटेकोर प्रकार होता. पुढे १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारली आणि निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवला. १९६९ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने एका युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. त्याच मंडळींतला डेव्ह आर्नसन आणि त्याचा सहकारी गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. नियम किती बांधायचे आणि माणसावर किती सोडायचे, हा वाद या खेळाच्या रक्तातच आहे.

मी कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक नव्हे. खारेपाटणात राहतो, मिळेल ते वाचतो, जत्रेतला दशावतार लहानपणापासून पाहत आलो आहे. या परदेशी खेळाकडे वळलो ते कुतूहलाने. पण आराखडे आखू लागल्यावर जाणवले की हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. आपण तो या नावाने कधी विचारला नाही, एवढेच.

पट आणि पेटारा

मराठीत 'खेळाची आखणी' म्हटले की अभ्यासकाला पहिल्यांदा आठवतो तो मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. वैष्णवांचा पट ७२ घरांचा, जैनांचा ८४ घरांचा, असे त्याचे प्रकार पश्चिम भारतात आढळतात. घरांवर गुण, दोष आणि लोक यांची नावे. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरात साप गिळतो. शेवट मोक्षात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात 'स्नेक्स अँड लॅडर्स' झाला आणि घरांवरची नावे गळून नुसते आकडे उरले. जेकब श्मिट-मॅडसेन या डॅनिश संशोधकाने २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात या पटांवर प्रबंध लिहिला.

मोक्षपटाविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुतेक घरांच्या नावांविषयी. ते साहजिकच आहे, कारण पट हा वाचता येणारा खेळ आहे. सगळा अर्थ आधीच रेखलेला आहे. खेळाडू कवड्या टाकतो आणि जिथे पडेल तिथे जातो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. हा पटाचा दोष नव्हे. माणसाच्या हाती काय असते आणि काय नसते, हेच त्याला सांगायचे आहे, आणि निर्णय काढून घेऊनच ते नेमके सांगता येते. मात्र असा खेळ न खेळताही समजतो. म्हणूनच तो समीक्षेला सोयीचा पडतो.

दशावतार तसा नाही. रात्री देवळाच्या आवारात पेटारा उघडतो. आड दशावतारात गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, आणि वेद पळवणारा संकासूर मालवणीत प्रेक्षकांशी हुज्जत घालतो. मग आख्यान सुरू होते आणि पहाटे दहीकाल्याने सांगता होते. मंचावर एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. या आख्यानाचे संवाद लिहिलेले नसतात. रंगायला बसलेल्या मंडळींना जाणता नट कथानक सांगतो: कोण कोणते पात्र करणार, कोणाच्या मागून कोण येणार, युद्ध कुठे, शाप कुठे. पुढचे सगळे बाकड्यासमोर घडते. राजाने पुराणातला एखादा प्रश्न टाकला तर समोरच्याला त्याचे उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. तो अडखळला तर सोबतचा नट त्याला सांभाळून घेतो, आणि पखवाजवाला दोघांनाही.

रंगताना सांगितले जाणारे ते पाच-दहा मिनिटांचे कथानक म्हणजेच टप्प्याची आखणी. त्यात काय सांगितले जाते याइतकेच काय सांगितले जात नाही हेही महत्त्वाचे असते. जाणता नट नवख्याला वाक्ये देत नाही. तो त्याला हेतू देतो: "तू याच्यावर रुसलेला आहेस, तोंडावर मात्र दाखवायचे नाही." एवढे पुरते.

दशावताराला संहिता नाही, म्हणून त्याच्यावर नाट्यसमीक्षा फारशी होत नाही. लोककला म्हणून गौरव होतो, वेशभूषेचे वर्णन होते, उगमाविषयी वाद होतात. आखणी चांगली की वाईट, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मोकळ्या कलेला आखणी असते हेच आपण मानत नाही.

ताम्रपटातले एक कलम

हा विचार नुसता बोलून न ठेवता तपासून पाहावा, म्हणून मी एक टप्पा आखला. त्यासाठी सामग्री गावातच होती.

शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट खारेपाटणला सापडला. त्यावर पहिल्यांदा लिहिले ते बाळशास्त्री जांभेकरांनी, आणि त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले इथून जवळच आहे. पुढे कीलहॉर्न यांनी आणि नंतर वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन सिद्ध केले. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ यातून मिळाली, त्यामुळे इतिहासकारांचे लक्ष तिकडे गेले. मला त्यातला व्यवहाराचा भाग खेळाच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटला. राजा अव्वेश्वराच्या देवळाला तीन गावे देतो. देवळाच्या सेवेसाठी तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबे नेमून देतो. शिवाय परमुलखातून येणाऱ्या प्रत्येक तारवामागे सोन्याचा एक गद्याणक आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या तारवामागे सोन्याचे एक धरण देवळाला मिळावे, असे ठरवतो. चेमूल्य आणि चंद्रपूर इथली तारवे मात्र यातून वगळली आहेत. चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर.

आखणी करणाऱ्याच्या दृष्टीने या ताम्रपटाचा जीव या शेवटच्या सवलतीत आहे. नुसता कर असता तर दोनच गोष्टी संभवल्या असत्या: भरणे किंवा चुकवणे. सवलत आली की तिसरी गोष्ट जन्माला येते, ती म्हणजे बतावणी. दूरच्या मुलखातून आलेला नाखवा आता म्हणू शकतो की मी चौलचा. मग नाक्यावरच्या माणसाला ठरवावे लागते की हे खरे कसे मानायचे. चौलचा खरा नाखवा आला तर त्यालाही आपले खरेपण सिद्ध करावे लागते. एका ओळीच्या कलमातून संशय, साक्ष, ओळख, लाच आणि अभिमान एवढे सगळे निघते. कोणत्याही चांगल्या टप्प्यात असे एक तरी कलम असावे लागते. नियम भिंत बांधतो, सवलत तिला दार ठेवते.

दोन आराखडे

चाचणीसाठी मी एकाच प्रसंगाचे दोन आराखडे केले. प्रसंग असा: परमुलखातले तारू वाघोटण खाडीच्या मुखाशी उभे आहे, आणि माल वर बंदरात पोचवायचा आहे. पात्रे चार: नाखवा, मालाचा धनी, सुकाणू धरणारा आणि दुभाषा.

पहिला आराखडा बंद. यात सहा प्रवेश ठरलेल्या क्रमाने: खाडीत शिरणे, नाक्यावर अडवणूक, दुभाषाची फजिती, रात्रीची चोरी, चोराचा शोध, देवळात निवाडा. प्रत्येक प्रवेशात फासे होते, पण फाशाने काहीही पडले तरी पुढचा प्रवेश तोच. मोक्षपटाच्या वळणाचा हा आराखडा.

दुसरा मोकळा. यात प्रवेश नाहीत. ताम्रपटातली कलमे, त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा, आणि पाच माणसांचे हेतू. नाक्यावरच्या माणसाला काय हवे आणि कशाची भीती, देवळातल्या आचार्याला काय हवे, तेल्याला काय हवे, एवढेच लिहिलेले. दशावतारी नट रंगताना ऐकतो त्या धाटणीचा.

गेल्या पावसाळ्यात हे दोन्ही आराखडे चार वेगवेगळ्या मेळांसोबत खेळून पाहिले: कॉलेजातली मुले, मुंबईहून गावी आलेले नोकरदार, घरातल्या बायकांचा एक मेळ, आणि हौशी दशावतारात काम करणारे दोघे व त्यांचे दोन मित्र. चाचणी-खेळाचे काही दंडक मी पाळले. आखणाऱ्याने खुलासा करायचा नाही. निदान एका बैठकीत कागद दुसऱ्या सूत्रधाराच्या हाती देऊन आपण नुसते बसायचे. खेळाडू काय बोलले यापेक्षा त्यांनी काय विचारले ते टिपायचे. शांतता पसरली तर ती किती वेळ टिकली ते घड्याळात पाहायचे. तालमीत ठरलेले नीट उतरते का ते पाहतात. चाचणीत न ठरलेले उमटते का ते पाहायचे असते.

बंद आराखडा दोन तासांत सुरळीत पार पडला. सगळ्यांनी छान झाले म्हटले. आठवड्याने भेटलेल्या कोणालाही त्याविषयी बोलायचे नव्हते.

मोकळ्या आराखड्याचे प्रत्येक मेळाबरोबर वेगळे झाले. कॉलेजच्या मुलांनी अपेक्षेप्रमाणे बतावणी केली. "आमी चौलचेच," असे छातीठोकपणे सांगितले, आणि नाक्यावरच्या माणसाने चौलच्या बाजाराची माहिती विचारताच एकाने बाजार रचायला सुरुवात केली, दुसऱ्याने त्याच्या चुका सावरल्या. बायकांच्या मेळाने वेगळीच वाट काढली. तारू मुखाशीच ठेवायचे, माल रात्रीच्या भरतीला होड्यांतून वर न्यायचा. त्यांचा युक्तिवाद असा: "कलमात तारू म्हटलंय, होडी नाही म्हटलेली." इतके बारीक वाचन मी त्या ताम्रपटाच्या कोणत्याही टिपणात पाहिलेले नाही. दशावतारी मेळाने कर भरून टाकला, पण आचार्यासमोर असे भाषण केले की देवळाच्या उत्सवाचा मान त्यांच्याकडे आला. त्यांना पैसा वाचवायचाच नव्हता. त्यांना प्रवेश हवा होता.

मुंबईहून आलेल्या मेळाकडून मात्र मला सर्वांत जास्त कळले. मोकळा आराखडा समोर आला आणि ते गप्प झाले. सुमारे वीस मिनिटे कोणी काही केले नाही. "नेमकं करायचं काय?" एवढाच प्रश्न. मग सूत्रधाराने एकच वाक्य टाकले: उद्या देवळात उत्सव आहे. चित्र पालटले. उत्सव म्हणजे तेल लागणार, फुले लागणार, भांडी लागणार, धुतलेले कपडे लागणार. एक जण तेल्याकडे गेला, दुसरी माळ्याकडे. त्यांनी ताम्रपट वाचलेला नव्हता. तरी राजाने नेमून दिलेल्या चारही घरांचे दार त्यांनी बरोबर ठोठावले.

मोकळेपणाची पुंजी

या वीस मिनिटांनी माझ्या मूळ समजुतीला एक जोड दिली. मोकळी आखणी नेहमीच चांगली, असे म्हणता येत नाही. दशावतारी नट संवाद उत्स्फूर्त बोलू शकतो, कारण पुराणे त्याच्या पोटात असतात. समोरच्या नटाच्या आणि प्रेक्षकांच्याही पोटात तीच असतात. मोकळेपणाला सामाईक पुंजी लागते. ती नसेल तर मोकळी जागा ही नुसती पोकळी ठरते.

परदेशी भूमिकाखेळाचा इतिहासही हेच सांगतो. गायगॅक्सने 'टूम ऑफ हॉरर्स' हा टप्पा १९७५ मध्ये एका मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी वापरला. अनेक गटांनी तोच टप्पा खेळायचा आणि तुलना व्हायची, म्हणून त्यातले सापळे पक्के ठरलेले. चुकलात की मेलात. उलट जेनेल जॅक्वेज हिने १९७९ च्या 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया'मध्ये गुहेला अनेक तोंडे ठेवली, वाटा एकमेकींत फिरवल्या, वरचा मजला खालच्याशी दोन-तीन ठिकाणी जोडला. त्यामुळे कुठून शिरायचे, काय टाळायचे हे खेळाडू ठरवतात. आखणीतली ही उदारता आजही आदर्श मानली जाते. पण तिच्या खेळाडूंजवळ पुंजी होती: ग्रीक पुराणकथा आणि राक्षस-योद्ध्यांच्या कादंबऱ्या. ते पुस्तक जसेच्या तसे आपल्या टेबलावर ठेवले तर मुले खेळतात, नाही असे नाही. पण ती दुसऱ्याच्या पुंजीवर खेळतात. आमच्या मोकळ्या आराखड्यात कॉलेजच्या मुलांचा पहिला प्रश्न होता, "पाणी कधी चढता?" भरतीचे महत्त्व मी कागदावर कुठेही समजावलेले नव्हते. वेळा तेवढ्या दिल्या होत्या. खाडीकाठच्या पोराला ते सांगावे लागत नाही.

तुलनेच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. दशावतारात शेवट ठरलेला असतो. असुर मरणार, हे लहान मूलही जाणते. भूमिकाखेळात तो ठरलेला नसतो. दशावतारात फासा नाही, दैवाला जागा नाही. तिथे प्रेक्षक आहे, इथे खेळणाराच प्रेक्षक. म्हणून दशावतार हा भूमिकाखेळाचा पूर्वज, असे कोणी म्हणू लागला तर मी त्याच्याशी सहमत होणार नाही. दोघांच्या आखणीला एकच कसोटी लागू पडते, एवढेच माझे म्हणणे आहे. आखणी करणाऱ्याने निर्णय कोणाच्या हाती ठेवला, आणि तो निर्णय घेण्याइतकी सामग्री त्याच्या हाती दिली का?

ही कसोटी आज दशावताराला लावणे निकडीचे झाले आहे. 'ट्रिकसीन'युक्त प्रयोग आता सर्रास होतात. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. लोकांना ते आवडतात आणि त्यावर नटांची घरे चालतात. पण आखणीच्या भाषेत पाहिले तर ट्रिकसीन म्हणजे हलवता न येणारे घर. धूर कधी, प्रकाश कधी हे ठरले की त्याआधीचा संवाद तिथे वेळेवर पोचण्यासाठी बोलला जातो. अशी चार घरे एका आख्यानात आली की आख्यानाचा पट होतो. एक किंवा दोन असली तर नटाला मधली जागा उरते. किती घरे ठेवायची हा रुचीचा नव्हे, आखणीचा प्रश्न आहे, आणि त्यावर समीक्षकाने बोलले पाहिजे.

दुसरी गोष्ट नोंदीची. आज जत्रेत दहा जण मोबाईलवर नाटक टिपतात, आणि आपल्याला वाटते कला जतन झाली. चित्रफितीत एका रात्रीचे उत्तर असते. प्रश्न काय होता, म्हणजे रंगताना कोणते कथानक सांगितले गेले, काय मोकळे ठेवले गेले, ते त्यात नसते. जाणते नट थकत चालले आहेत. त्यांची भाषणे रेकॉर्ड होत आहेत, त्यांनी नवख्यांना दिलेले हेतू मात्र हवेत विरत आहेत. एकच आख्यान एकाच मंडळाने तीन रात्री कसे केले, किंवा दोन मंडळांनी त्याचे कथानक कसे वेगळे सांगितले, एवढे जरी कोणी वहीत उतरवले तरी आपल्याकडे आखणीच्या समीक्षेला साधन मिळेल. त्याला मोठा निधी लागत नाही. जत्रेच्या रात्री नाटक उभे राहण्याआधी तासभर लवकर जावे लागते आणि रंगपटाच्या कडेला गप्प बसण्याची परवानगी मागावी लागते.

माझ्यापुरते मी दोन कामे हाती घेतली आहेत. खारेपाटणच्या टप्प्याचा मोकळा आराखडा इतर गावांतल्या सूत्रधारांना देऊन ते तो कसा चालवतात हे पाहतो आहे. दुसरे, त्यात चेमूल्यचे खरे तारूही त्याच भरतीला आणून उभे करायचे आहे. आजवरच्या चारही मेळांना खोटे बोलणाऱ्याची बाजू मिळाली. खरे बोलणाऱ्यालाच पुरावा मागितला गेला तर तो काय करतो, हे अजून खेळून पाहायचे आहे.